आमची वाटचाल: बंदरावरचे आठ तास

आम्ही ज्येष्ठांना जलसफरींवर नेतो. आमच्या टिळक रस्त्यावरच्या कार्यालयात एका पोलादी कपाटात बंदरांच्या वह्या ठेवलेल्या आहेत. प्रत्येक बंदरासाठी एक वही आहे, आणि तिच्यात गँगवेपासून, म्हणजे जहाजातून उतरायच्या शिडीपासून, बसपर्यंत किती पावले, वाटेत किती पायऱ्या, कठडा कोणत्या हाताला, बसायला बाक कुठे आणि स्वच्छतागृह किती अंतरावर, एवढेच लिहिलेले असते. ही पावले मी स्वतः हातात काठी घेऊन मोजलेली आहेत, कारण काठी हातात असली की माणूस ज्या जागी थांबतो, त्या जागा मोकळ्या हाताने चालताना लक्षातच येत नाहीत.

या वह्यांना कारण झाल्या सदाशिव पेठेतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. अमेरिकेतल्या बॉस्टनहून निघून बार हार्बर आणि पुढे कॅनडातली सेंट जॉन आणि हॅलिफॅक्स करत क्वेबेकला पोचणाऱ्या शरदातल्या जलसफरीची आखणी मी त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा त्यांनी स्थळांची नावे वाचलीच नाहीत. “यात मी बसणार कुठे, ते लिहा,” एवढेच त्या म्हणाल्या. त्या वाक्याने आमचा धंदा बदलला. स्थळांची संख्या आम्ही निम्म्यावर आणली आणि प्रत्येक बंदरात एकच मुख्य गोष्ट ठेवली.

बार हार्बरला मोठे जहाज धक्क्याला लागत नाही, ते खाडीत नांगरते आणि प्रवाशांना छोट्या टेंडर बोटीतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत पाय टाकणे हेच सत्तरीच्या माणसासाठी त्या दिवसाचे मोठे काम असते, म्हणून तिथे आम्ही कॅडिलॅक डोंगरावरची रंगलेली झाडी बसने दाखवतो आणि उरलेला वेळ गावातल्या हिरवळीवरच्या बाकांसाठी राखतो. क्वेबेकला खालच्या गावातून वर जाण्यासाठी जिना आहे आणि १८७९ पासूनची फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावरच्या रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडीही आहे. आमची माणसे जिना चढत नाहीत.

आता सेंट जॉनविषयी लिहितो, कारण त्या एका बंदराने आम्हाला जवळजवळ बुडवले होते.

फंडीच्या उपसागरातल्या भरती-ओहोटीत सेंट जॉनपाशी पाण्याची पातळी सुमारे २८ फुटांपर्यंत बदलते. ओहोटीला तिथे समुद्राला मिळणारी नदी खडकांवरून उसळत समुद्राकडे जाते, भरतीला समुद्र वर चढून तिलाच मागे रेटतो, आणि या दोन्हींच्या मध्ये सुमारे वीस मिनिटे पाणी अगदी संथ होते. पाहायचा असतो तो उलटणारा प्रवाह. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे तिथला कार्यक्रम तारीख ठरल्यावर भरतीचे कोष्टक समोर ठेवूनच आखावा लागतो. आमचे वेळापत्रक म्हणजे हेच कोष्टक आणि त्याला जोडलेली आमची पावले.

सुरुवातीपासून माझ्याबरोबर असलेला भागीदार २०१८ च्या हंगामानंतर शहरातल्या एका मोठ्या कंपनीत गेला आणि जाताना आमचे त्या वर्षीचे वेळापत्रक घेऊन गेला. पुढच्या शरदात त्या कंपनीने आमच्या निम्म्या दरात तीच सफर विकली, स्थळे दुप्पट केली आणि सेंट जॉनची वेळ मात्र जशीच्या तशी ठेवली. त्यांच्या ज्येष्ठ प्रवाशांनी भर वाऱ्यात उभे राहून संथ पाणी पाहिले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आले की मूळ आखणी आमची आहे. ते खरेच होते, आणि म्हणूनच मला त्याचे उत्तर देता येईना. कोथरूडच्या दोन ज्येष्ठ नागरिक संघांनी आमच्याकडची नोंदणी रद्द केली. मी घरोघरी भरतीचे कोष्टक घेऊन गेलो. काहींनी चहा दिला, कोष्टक कोणी पाहिले नाही. त्या भागीदाराने एकदा फोन करून चूक कबूल करावी, एवढीच माझी अपेक्षा होती आणि ती आजही आहे.

त्यातून उभे राहत होतो, तोच मार्च २०२० मध्ये अमेरिकेने प्रवासी जहाजे थांबवली आणि कॅनडाच्या बंदरांत तर २०२२ च्या वसंतापर्यंत प्रवासी जहाजे आली नाहीत. आमच्या आगाऊ रकमा परदेशात अडकल्या. बाईंनी त्यांचे पैसे परत घेण्यास नकार दिला आणि आणखी तीन कुटुंबांनाही थांबायला सांगितले. कार्यालयाचे भाडे त्या पैशांतून गेले, हे मी इथे लिहून ठेवतो.

या मार्गावर आई-वडिलांना पाठवणाऱ्यांना काही सांगावेसे वाटते. अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा आणि कॅनडाचा वेगळा घ्यावा. जहाजातूनच उतरायचे आहे म्हणून तो माफ होत नाही. हॅलिफॅक्सचे घड्याळ बॉस्टनच्या एक तास पुढे असते आणि मोबाइल आपोआप किनाऱ्याची वेळ धरतो, म्हणून जहाजाची वेळ दाखवणारे साधे मनगटी घड्याळ वेगळे ठेवावे. स्वतः ठरवलेल्या गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. आम्ही परतीच्या वेळेआधी दीड तास धक्क्यावर असतो. पितृपक्ष आणि दिवाळी यांच्यामधली तारीख हवी असेल, तर आदल्या दिवाळीतच बोलणे करावे, कारण पानांचा रंग आपल्या पंचांगासाठी थांबत नाही.

गेल्या शरदात बाई पुन्हा आल्या. सेंट जॉनला किंग स्ट्रीटचा चढ टाळून आम्ही इमारतींना जोडणाऱ्या बंदिस्त मार्गाने १८७६ च्या सिटी मार्केटमध्ये गेलो, सूप घेतले आणि मग भरतीच्या वेळेला नदीवर पोचलो. पाणी आत चढत होते. बाईंनी बराच वेळ ते पाहिले, नंतर माझ्याकडून वही मागून घेतली आणि एका नोंदीपाशी स्वतःच्या अक्षरात दुरुस्ती केली: इथला कठडा डाव्या नव्हे, उजव्या हाताला आहे.