पाण्यात काही आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. प्रश्न नेहमीचाच, फक्त गावाचं नाव बदलतं. "ताई, आमच्या गावात कॅन्सर फार वाढलाय. पाण्यात काही असेल का?" कधी पाण्याच्या जागी फवारणी असते, कधी मोबाईलचा टॉवर, कधी पिशवीचं दूध. सोलापूर-धाराशिव पट्ट्यात कॅन्सरच्या नोंदणीचं, म्हणजे कुठल्या गावात कुणाला कुठला कॅन्सर झाला हे मोजून लिहिण्याचं काम करण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा जिलबीच्या आधी हा प्रश्न वाढला जातो. दोन वाक्यांत उत्तर दिलं की विचारणारा हिरमुसतो. त्याला 'हो, पाणीच' असं ऐकायचं असतं. 'नाही' म्हटलं तर मी सरकारची माणूस ठरते.

म्हणून मी उलट विचारते, नावांची यादी आहे का?

बहुतेकांकडे नसते. एका गावच्या माजी सरपंचांनी मात्र खरंच करून आणली. नातवाच्या वहीचं पान, त्यावर निळ्या शाईत बारा नावं आणि प्रत्येकापुढे 'वारले' किंवा 'इलाज चालू'. वस्ती तीन हजार, काळ पाच वर्षांचा. "बघा, बारा! आमच्या आज्याच्या काळात एक तरी होता का?"

आधी नुसता हिशोब करू. २०१२ ते २०१६ या काळातले देशभरच्या नोंदण्यांचे आकडे एकत्र छापले गेले, त्यात पुरुषांमधलं सगळ्यात कमी प्रमाण आपल्याच भागातलं होतं. उस्मानाबाद आणि बीड जिल्ह्यांत वयाचा फरक काढून टाकल्यावर वर्षाला लाखामागे ३९.५ पुरुष आणि ४९.४ स्त्रिया. बायकांमध्येही हाच आकडा तळाचा. पुरुषांच्या यादीत दुसऱ्या टोकाला मिझोरममधलं ऐझॉल, तिथे २६९.४. (आपला आकडा इतका खाली असण्यात न सापडलेल्या रुग्णांचाही थोडा हात असावा, असं माझं मत.) देशाचं ढोबळ प्रमाण २०२२ च्या अंदाजानुसार लाखामागे शंभरच्या घरात येतं. आता हे तीन हजारांच्या गावाला लावा. आपल्या भागाच्या दराने पाच वर्षांत सहा-सात, देशाच्या दराने पंधरा. सरपंचांचे बारा या दोहोंच्या मधे बसतात. ज्या गावात काहीच बिघडलेलं नाही, तिथेही पाच वर्षांत एवढी नावं जमू शकतात. बारा घरांतलं दुःख बारा घरांचंच असतं, त्याला हिशोबाने धक्का लागत नाही. पण 'फार' म्हणायचं तर कशाच्या मानाने, हे सांगावं लागतं.

मग एकेक नाव घेतलं. एक गृहस्थ दारूने यकृत खराब होऊन गेले होते. पोटात पाणी झालं, लोकांनी कॅन्सर म्हटलं. दुसरे वीस वर्षं भिवंडीत लूमवर होते, शेवटचे दोन महिने फक्त गावी आले. नोंदणीचा नियम असा की माणूस किमान वर्षभर जिथे राहिला, तिथला तो धरायचा. म्हणजे हे ठाण्याच्या खात्यात. उलटंही होतं. मुंबईला इलाजाला गेलेला आपला माणूस केसपेपरवर मेहुण्याचा धारावीचा पत्ता देतो आणि मुंबईकर होऊन बसतो. एकच बाई बार्शीत शकुंतला, सोलापुरात सखुबाई आणि मुंबईत माहेरच्या आडनावाने सापडते. या तीन बायका नसून एकच आहे, हे गावात जाऊन ओसरीवर बसल्याशिवाय कळत नाही. ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदीत कारणाच्या रकान्यात 'वार्धक्य' नाहीतर 'अचानक' असतं. आमच्या कामातला निम्मा वेळ या असल्या गाठी सोडवण्यात जायचा.

देशातली पहिली अशी नोंदणी मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये सुरू केली. खेड्यातली पहिली १९८७ ची, बार्शीची. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके, साडेतीनशेच्या आसपास गावं. शहरात दवाखान्यांच्या फायली चाळल्या तरी भागतं. इथे माणूस दवाखान्यात पोचतच नव्हता, मग फायली कुठून येणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले. सरपंच, मास्तर, दाई यांना गाठून 'तोंडातली जखम भरत नाही असं कुणी आहे का, कुणा बाईच्या अंगावरून अवेळी जातंय का' असं विचारत फिरले. त्यातून एक भलतंच घडलं. विचारून विचारून लोकांना लक्षणं पाठ झाली आणि काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागले. औषध बदललं नव्हतं, यंत्रही नवं नव्हतं. नुसत्या मोजण्याने एवढं होतं, हे मला आजही नवलाचं वाटतं.

सरपंचांच्या यादीत उरली दहा नावं. तीन पुरुष तोंडाचे आणि घशाचे, एक अन्ननलिकेचा. दोन बायका गर्भाशयमुखाच्या, दोन स्तनाच्या. एक म्हातारे प्रोस्टेटचे. एक पोरगा, अकरावीतला, रक्ताचा.

पाण्यात दोष असता तर यादी अशी मिसळीची दिसली नसती. खरंच पाणी, माती किंवा हवा खुनी निघाली अशी गावं आहेत, आणि ती ओळखू येतात. तुर्कस्तानात कप्पादोकिया भागात कराइन नावाचं खेडं आहे. तिथल्या दगडात एरिओनाइट नावाचं तंतूसारखं खनिज असतं. त्याच दगडाची घरं, त्याचीच धूळ श्वासात. १९७० च्या दशकात डॉ. इझ्झेत्तिन बारिश यांनी तिथे पाहिलं तर छातीच्या आवरणाचा मेसोथेलिओमा, जो इतरत्र लाखात एखाद्यालाही होत नाही, तो या एका गावात माणसामागून माणूस नेत होता. एकच कॅन्सर, तोही दुर्मिळ, आणि शेजारच्या काही गावांत मात्र नाही. असं दिसलं की मीही ताडकन उठेन.

पाण्याचं म्हणाल तर आर्सेनिक. बंगालच्या दोन्ही बाजूंना ट्यूबवेलमधून ते वर्षानुवर्षं पोटात गेलं, आणि त्यातून त्वचेचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेलं आहे. पण त्याच्या कितीतरी आधी तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी येतात, अंगावर काळे-पांढरे ठिपके उठतात. गावात असे हात दिसतात का, हे मी पाण्याचा प्रश्न आला की विचारते. आणखी एक, बोअर किती सालची? चार वर्षांपूर्वी मारलेल्या बोअरने साठ वर्षांच्या माणसाला आज गाठ होत नाही. रक्ताचे काही कॅन्सर सोडले तर कारण आणि आजार यांच्यात दहा-वीस-तीस वर्षांचं अंतर असतं. आज जे दिसतंय त्याचं बी रॉकेलच्या चिमणीच्या काळात पडलेलं आहे.

तर ते चार पुरुष. तिघांच्या खिशात चुना-तंबाखूची डबी, चौथ्याच्या गुटखा. सरपंच म्हणाले, "ते तर सगळेच खातात." हेच तर. सगळेच खातात म्हणून दिसत नाही. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ सालीच सवयीतून होणाऱ्या कॅन्सरवर लिहिलं, तंबाखू ओठाआड धरण्यापासून ते कमरेला करकचून बांधलेल्या धोतरापर्यंत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. बंदीनंतर सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी झाली, गिऱ्हाईक दोन्ही एकत्र करून खातं. 'मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी' म्हणणारेही भेटतात. सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ च्या ग्रंथात स्पष्ट नोंदलंय. तिशीच्या आतल्या पोरांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, भाकरी कुस्करून गिळावी लागते, तो हाच रस्ता.

बायकांची मिश्री तर व्यसनात धरलीच जात नाही. 'काही व्यसन?' विचारलं की 'नाही बाई', आणि दात काळे. मिश्री करताना पाहिलीय का तुम्ही? लोखंडी तवा चुलीवर तापवायचा, त्यावर तंबाखूची पानं टाकून काळी कुळकुळीत होईस्तोवर भाजायची. धुराने घरातली पोरं खोकत बाहेर पळतात. गार झाली की हाताने चुरायची आणि पत्र्याच्या डबीत भरायची. सकाळी एकदा, दुपारी जेवून एकदा, मग डोकं दुखलं की. सासू लावते म्हणून सून लावते. पोटुशी असतानाही सुटत नाही. भाजल्यामुळे तंबाखूत नसलेली जळकी विषं वर आणखी तयार होतात. देशातल्या कॅन्सरपैकी २०२० च्या अंदाजाने सुमारे २७ टक्के तंबाखूशी जोडलेल्या अवयवांचे आहेत. टॉवरवर मोर्चा नेता येतो, आईच्या डबीवर कसा नेणार?

गर्भाशयमुखाच्या बाबतीत कारण जवळजवळ एकच, एचपीव्ही नावाचा विषाणू. तो संबंधातून येतो. बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो. काहींच्यात ठाण मांडतो आणि पंधरा-वीस वर्षांनी गाठ करतो. यात चारित्र्याचा काही संबंध नाही. एका नवऱ्याबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही तो होतो. हे मुद्दाम लिहितेय, कारण हा शब्द ऐकल्यावर घरात काय काय बोललं जातं ते मी ऐकलंय.

आणि याचं उत्तर जगाला आपल्याच जिल्ह्याने दिलंय, हे इथल्याच लोकांना ठाऊक नसतं. १९९९ अखेरपासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावांचे ५२ गट करून १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला, वय ३० ते ५९. एका भागात एचपीव्हीची चाचणी, एका भागात पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), एका भागात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणं, आणि एका भागात नेहमीचेच उपचार. आठ वर्षं पाठपुरावा. २००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या ३४,१२६ बायकांत या कॅन्सरने ३४ मृत्यू, काहीच चाचणी न झालेल्या ३१,४८८ बायकांत ६४. आयुष्यात एकदा केलेली एक चाचणी, आणि मृत्यू जवळपास निम्मे. इतर दोन चाचण्यांचा असा ठळक फायदा त्या अभ्यासात दिसला नाही. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीशिवाय का ठेवलं, यावर पुढे बराच वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. ते ६४ मृत्यू मला नुसता तुलनेचा आकडा म्हणून वाचता येत नाहीत.

स्तनाच्या कॅन्सरचं बोट असं एका वस्तूकडे दाखवता येत नाही. मुंबईच्या नोंदणीत पारशी बायकांमध्ये तो फार पूर्वीपासून जास्त दिसला. उशिरा लग्न, मुलं कमी, आयुष्य लांब. आता तोच रस्ता आपण सगळ्यांनी धरलाय. पाळी लवकर येते, पहिलं मूल तिशीत, अंगावर पाजणं कमी, वजन जास्त. यातलं काही मुलींनी शिकू नये म्हणून सांगण्यासारखं नाही. शिक्षणाची किंमत म्हणून हे मांडणारे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मी वाचल्याबरोबर पुसते. देशभर गर्भाशयमुखाचा कॅन्सर उतरतोय आणि स्तनाचा चढतोय. म्हणजे 'वाढलाय' हे अर्ध खरं आहे. शिवाय आज्याच्या काळात माणसं पटकीने, प्लेगने, विषमज्वराने आधीच जायची. प्रोस्टेटची गाठ व्हायला बहुतेकदा साठी-सत्तरी तरी गाठावी लागते ना.

राहिला अकरावीतला मुलगा. त्याच्या वडिलांनी मला वेगळाच प्रश्न विचारला होता, "त्यालाच का?" गावात इतके कशामुळे, याचं उत्तर आकडे देतात. त्यालाच का, याचं देत नाहीत. पेशी दुपटताना चूक होते, कधी ती दुरुस्त होत नाही, आणि त्यामागे कुणाचा हात नसतो. फवारणीच्या पंपामुळे का, असं ते सारखं म्हणत होते. काही कीटकनाशकांवर संशय आहे, संशोधन चालू आहे, मास्क-हातमोजे घालून फवारा असं मी सगळ्यांना सांगते. पण त्या घरात 'तुमच्या पंपाने झालं' असं कुणी म्हणू नये, मीही म्हटलं नाही.

तुम्ही पाण्याचं विचारलंत तर पाणी जरूर तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो, ग्रामपंचायतीचं पत्र जोडा आणि आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट असं नावानिशी लिहून मागा. फ्लोराइडने दात-हाडं जातात, कॅन्सर नाही, पण तेही कळलेलं बरं. नमुना द्यायला तालुक्याला जालच, तर जाताना घरातल्या तिशीपुढच्या बायकांना आरोग्य उपकेंद्रात सोडा. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख, तिन्हींची तपासणी तिथे फुकट व्हायला हवी. नाही झाली तर का नाही, ते लेखी मागा. आणि मला यादी पाठवणार असाल तर नावापुढे चार रकाने आखा: वय, कुठला अवयव, कुठल्या साली कळलं, गावात किती वर्षं राहिले. पाचवा तंबाखूचा. त्यात मिश्रीही धरा.