येडशीच्या रामलिंग घाटात ओढ्याकाठची पायवाट

धाराशिव जिल्ह्यातील येडशीजवळचे रामलिंग बहुतेकांना ठाऊक असते ते श्रावणी सोमवारच्या यात्रेमुळे. पायऱ्या उतरायच्या, दर्शन घ्यायचे, धबधब्यापाशी छायाचित्रे काढायची आणि तासाभरात गाडीकडे परतायचे, अशीच अनेकांची भेट असते. हे ठिकाण खऱ्या अर्थाने पाहायचे असेल तर दर्शनानंतर ओढ्याच्या काठाने सावकाश चालले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आम्ही भाद्रपदातील एका आडवारी सकाळी लवकर पोहोचलो. पाऊस नुकताच उघडला होता, ओढ्याला पाणी खळाळत होते आणि पायऱ्यांवर आमच्याखेरीज मोजकीच माणसे होती.

वरच्या माळावरून येताना पुढे एवढी हिरवी दरी असेल याची कल्पनाच येत नाही. सोयाबीनची शेते, बाभळी आणि उघडा खडक मागे पडतो, जमीन एकाएकी खचल्यासारखी खाली जाते आणि बालाघाटाच्या कुशीतले जंगल समोर येते. १९९७ मध्ये या घाटाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ जेमतेम २२ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्यातील मोठ्या अभयारण्यांपुढे फारच थोडे. पण ज्या जिल्ह्यात टँकरची वाट पाहण्यात उन्हाळे गेले, तिथे एवढ्या सलग झाडीचे मोल आकड्यात सांगता येणार नाही.

देऊळ दरीच्या तळाशी आहे आणि ओढा त्याला वळसा घालून जातो. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाशी झुंजताना घायाळ झालेला जटायू इथेच पडला आणि त्याची तहान भागवण्यासाठी रामाने बाण मारून पाणी काढले, अशी या भागातील श्रद्धा असून जटायूची समाधीही दाखवली जाते. पाण्याच्या काठी तहानेचीच कथा सांगितली जावी, हे मराठवाड्याच्या माणसाला विशेष भिडते.

देवळापासून ओढ्याकडे वळल्यावर चाल खरी सुरू होते. दख्खनच्या लाव्ह्याचे थर इथे एकावर एक रचलेले दिसतात. त्यांतील मऊ थर पाण्याने लवकर झिजतात, कठीण थर कड्यासारखे उभे राहतात आणि त्यांवरूनच पावसाळ्यात धबधबा कोसळतो. काठाला करंज आणि कडुनिंबाची सावली दाट आहे, तर उतारावर धावडा, आपटा, पळस आणि सीताफळीची झुडपे आहेत. हे पानगळीचे जंगल आहे, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत येणाऱ्यांना ओढा कोरडा आणि झाडे उघडी दिसतील. पाऊस चांगला झाला असेल तर जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ सर्वांत उत्तम. आम्हाला पाण्यावर झेपावणारा खंड्या दिसला आणि मोरांचे ओरडणे तर सतत कानावर येत होते. मात्र मोठ्याने गाणी लावलेला एक गट येताच सारे चिडीचूप झाले. मोबाइलचा आवाज बंद ठेवावा, एवढी विनंती मनापासून करतो.

या घाटाला आणखी एक इतिहास आहे, तो म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचा. अडीच फूट रुंदीच्या रुळांवर धावणारी ही छोटी गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली आणि तिची वाट याच रामलिंग घाटातून चढत होती. रुंदीकरणात लोहमार्ग धाराशिवमार्गे वळवला गेला आणि घाटातला जुना मार्ग कायमचा सुटला. घरातील वडीलधाऱ्यांनी या गाडीने प्रवास केला असेल, तर त्यांना आवर्जून सोबत आणावे. जुन्या मार्गाबद्दल त्यांच्याइतके कोणीच सांगू शकणार नाही.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. येडशी सोलापूर-धुळे महामार्गावर असल्याने धाराशिवहून एस.टी. सहज मिळते आणि गावात रेल्वे स्थानकही आहे. तिथून पुढे रिक्षा करावी लागते, तेव्हा परतीचे आधीच ठरवून घ्यावे. चपलांऐवजी पकड असलेले बूट घालावेत, कारण ओल्या काळ्या दगडावरचे शेवाळ डोळ्यांना दिसत नाही. वानरे धीट आहेत. नारळ, केळी किंवा पिशवी हातात लोंबकळत ठेवू नये आणि त्यांना काही खायलाही घालू नये. वरच्या माळावर पाऊस झाला की दरीत ऊन असतानाही ओढा अचानक फुगतो, म्हणून पाणी गढूळ होऊ लागताच पात्रातून बाहेर पडून उंचावर यावे. लहान मुलांना धबधब्याच्या डोहात तर उतरू देऊच नये. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्या चढण्यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा. वनविभागाने बंद केलेल्या वाटांनी जाऊ नये आणि अंधारापूर्वी वर यावे. पिण्याचे पाणी सोबत न्यावे व रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात. ऑक्टोबरात सीताफळे पिकलेली दिसतील, पण ती अभयारण्यातील पाखरांसाठी आणि वानरांसाठी राहू द्यावीत. खायची असतील तर बाजारात विकत घ्यावीत.