तुम्ही विचारलंत म्हणून : आई बसलीय ना, मग पोरीला कशाला विचारता?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा आजोबा-आजी विचारतात. थॅलेसेमिया मेजर म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा जन्मजात आजार. तो असलेल्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. पिशवी संपेपर्यंत काही तास जातात, तेवढ्यात मुलाचं रोजचं जगणं कसं चाललंय हे विचारणारी प्रश्नावली घेऊन मी खाटेशी जाते. "एवढ्याशा पोरीला काय कळतंय? सूनबाईंना विचारा की!"

सूनबाईंनाही विचारतेच. त्यांचा कागद वेगळा असतो. मागचं हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचा आकडा), चुकलेली गोळी, सगळं त्यांना तोंडपाठ. पण 'शाळेत मुलं चिडवतात का?' याला त्या "छे हो, मैत्रिणी छान आहेत" म्हणतात आणि त्या बाटली भरायला उठल्या की पोरगी 'बऱ्याचदा'वर बोट ठेवते. घरी सांगितलं तर आई शाळेत जाऊन भांडेल, ही तिची भीती. दम लागणं, दुखणं असल्या दिसणाऱ्या गोष्टींत आई आणि मूल यांची उत्तरं बऱ्यापैकी जुळतात. भीती, काळजी, एकटेपणात कमी. उलटंही होतं. आजारी मुलांचे आईवडील पुष्कळदा मुलापेक्षा जास्त वाईट चित्र रंगवतात. मूल म्हणतं, मी मजेत आहे.

आम्ही वापरतो ती प्रश्नावली पेड्स-क्यूएल, म्हणजे मुलांच्या जगण्याची गुणवत्ता मोजणारी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स वार्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1999 साली मांडली. तिच्या 4.0 आवृत्तीत 23 प्रश्न आहेत: शरीराचे 8, भावनांचे 5, इतर मुलांशी जमण्याचे 5, शाळेचे 5. गेल्या महिन्याभरात हे किती वेळा जड गेलं, एवढंच विचारायचं. 'कधीच नाही'ला 100 गुण, 'जवळजवळ नेहमी'ला 0, मध्ये 75, 50, 25. पाच ते सात वर्षांच्या मुलांना प्रश्न वाचून दाखवतो आणि ती चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवतात. त्याहून लहान असेल तर मात्र आईवडिलांवाचून इलाज नाही.

एकूण सरासरीवर माझा फारसा विश्वास नाही. शाळेच्या पाचांपैकी दोन प्रश्न गैरहजेरीचे आहेत: बरं नव्हतं म्हणून आणि डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून. समजा, एखादीने या दोन्हींना 'जवळजवळ नेहमी' सांगितलं आणि बाकी सगळं छान आहे. तिची एकूण सरासरी 91 येते. फाइलवर झकास दिसते. शाळेचा आकडा मात्र 60. हिमोग्लोबिनच्या रिपोर्टात यातलं काहीच उमटत नाही, कारण रक्त वेळेवर चढतंय. नेमकं त्यासाठीच तर शाळा बुडतेय!

असा कागद आला की मी तो डॉक्टरांपुढे ठेवते आणि पुढची तारीख शनिवारी दुपारची मिळते का, ते विचारते. दर वेळी मिळत नाही. शनिवारी खाटा कमी आणि मागणारे बरेच असतात. आजोबा, तुमची नात आता सातवीत आहे. तिच्यासाठी सहामाहीच्या आठवड्यातली तारीख आधीच बदलून घ्या, काउंटरवर सांगितलं की करतात.