छापील नियम आणि सपरीतले चिचोके

बव्हेरियातल्या आमच्या छोट्या शहराच्या वाचनालयात एक अख्खी भिंत खेळांच्या डब्यांची आहे. पुस्तकासारखाच खेळही कार्डावर घरी न्यायचा आणि मुदतीत परत करायचा. परत देताना काउंटरवरच्या बाई डबा उघडून सोंगट्या मोजतात. आपल्याकडं चिचोका हरवला तर चिचेखाली जाऊन दुसरा उचलायचा, त्यामुळं ही मोजदाद पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. आता परतीच्या आदल्या रात्री मीच टॉर्च घेऊन सोफ्याखाली लाल सोंगटी शोधत असते.

डिसेंबरात इथं साडेचारला अंधार पडतो. पोरं शाळेतून येतात, जेवतात, आणि मग झोपेपर्यंतचा वेळ आ वासून समोर उभा राहतो. टीव्ही किती लावणार? जर्मन घरांत यावरचा जुना उपाय म्हणजे टेबलावर मांडायचा खेळ. त्याला कुणी 'टाइमपास' म्हणत नाही. दरवर्षी सर्वोत्तम खेळाला पुरस्कार मिळतो, तो १९७९ पासून चालू आहे. निकाल पेपरात येतो आणि दिवाळी अंकांसारखी त्या खेळाची चर्चा होते.

आमची सुरुवात धाकट्यापासून झाली, तो तीन वर्षांचा असताना. १९८६ साली निघालेला एक बागेचा खेळ आहे: चार झाडं, प्रत्येकावर दहा लाकडी फळं, आणि मधे नऊ तुकड्यांचा एक डोमकावळा. फाशावर रंग असतात. रंग पडला की त्या झाडाचं फळ टोपलीत टाकायचं, कावळा पडला की त्याचा एक तुकडा जोडायचा. कावळा पुरा व्हायच्या आत बाग तोडून झाली तर सगळे जिंकले, नाहीतर सगळे हरले. मला हे सुरुवातीला पटेना. कुणी कुणाला मारत नाही, कुणी एकटा जिंकत नाही, मग खेळायचं कशाला? पण तीन वर्षांच्या पोराला पाळी म्हणजे काय, दुसऱ्याचा फासा पडेपर्यंत हात आवरायचा म्हणजे काय, हे त्या कावळ्यानंच शिकवलं. मी सांगून ते झालं नसतं.

मग आला इथला घराघरातला खेळ, ज्याचं नावच 'माणसा, चिडू नकोस' असं आहे. आपल्या पचिसीवरून इंग्लंडात १८९६ साली लुडोचं पेटंट घेतलं गेलं, त्याच कुळातला हा जर्मन भाऊ. म्युनिकच्या योझेफ श्मिट नावाच्या माणसानं १९०७-०८ च्या हिवाळ्यात आपल्या तीन दांडगट पोरांना घरात गुंतवून ठेवायला तो तयार केला. १९१४ मध्ये तो विकायला काढला, तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर त्यानं तीन हजार डबे लष्करी दवाखान्यांना फुकट पाठवले. जखमी सैनिक खाटांवर खेळले आणि बरे होऊन खेळ घरी घेऊन गेले. १९२० पर्यंत दहा लाख डबे खपले होते. तीन पोरांच्या त्या बापाबद्दल मला मनापासून आपुलकी वाटते.

लुडो येणाऱ्याला तो पाच मिनिटांत येतो, पण दोन फरक मोठे आहेत. पटावर एकही सोंगटी नसेल तर सहा पाडायला एका पाळीत तीन संधी मिळतात, म्हणजे लहान पोर सोंगट्यांकडं बघत नुसतं कुढत बसत नाही. आणि वाटेत सुरक्षित घर नाही. शेवटच्या घरांच्या रांगेत शिरेपर्यंत कुठंही मार बसू शकतो.

खेळ शिकायला अडचण आली नाही. पोरांबरोबर खेळायचं कसं, ते शिकायला मात्र वेळ लागला. वर्धा नदीच्या काठच्या आमच्या गावात मोठी माणसं कधी आमच्यासोबत पटावर बसलीच नाहीत. बाबा वावरातून दिवे लागणीला यायचे, आई चुलीपाशी. खेळ शिकवले ते आमच्याहून दोन-तीन वर्षं मोठ्या पोट्ट्यांनी, तेही आम्हाला फसवत फसवत. त्यामुळं स्वतःच्या पोरांसमोर बसले की मला दोनच गोष्टी सुचायच्या: मुद्दाम हरायचं, नाहीतर 'अगं, ती नको, ही चाल' करत शिकवणी घ्यायची. मुद्दाम हरलं तर पोरं लगेच ओळखतात. शिकवणी घेतली तर उठून जातात.

शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, पोरं त्यांनाही आजीच म्हणतात. एका रविवारी त्या खेळायला आल्या. धाकट्याची शेवटची सोंगटी घरापासून दोन पावलांवर होती, ती त्यांनी मारली आणि वर खुदकन हसल्या. पोरानं भोकाड पसरलं. मी उठायला लागले तर त्यांनी मला हातानं बस म्हणून खुणावलं. पोराला जवळ घेतलं नाही, काही समजावलंही नाही. कॉफी पीत राहिल्या. रडणं ओसरल्यावर फासा त्याच्यापुढं सरकवला, "तुझी पाळी." आणि त्यानं टाकला! आपली आजी असती तर तिनं आधी त्या सोंगटीला चार शिव्या घातल्या असत्या, मग पोराच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले असते. दोन्ही रीतींत पोरगं गप्प होतंच म्हणा. पण मोठ्या माणसानं पोरासमोर मनापासून जिंकायला खेळावं, हे मी त्या टेबलावर पहिल्यांदा पाहिलं.

बव्हेरियाच्या शाळांना उन्हाळी सुट्टी ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. याचा फायदा असा की यंदा पोळा गावात मिळाला. तोटा असा की पाऊस, चिखल, आणि घटकाघटकाला जाणारी लाइन. वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेएवढी, सोयाबीन शेंगांवर आलेलं, आणि पोरं सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, कोंडलेली. आम्ही सोबत नेलेला जर्मन डबा मोठीनं मोठ्या कौतुकानं उघडला. माझ्या भावाची पोरं आणि शेजारचे दोघं गोळा झाले.

"हा तं लुडोच हाय ना बे!"

दोन डाव बरे गेले. तिसऱ्यात भाच्याची सोंगटी मारली गेली आणि त्यानं जाहीर केलं की ते घर फुलीचं आहे, तिथं मारता येत नाही. मोठीनं नियमांची पुस्तिका काढून पान दाखवलं, इथं असं काही लिहिलेलं नाही. भाचा जर्मन पानाकडं बघून शांतपणे म्हणाला, "लिवलं असंन. पण आमच्याकडं असं नाही रायत." आणि बॉलपेननं पुठ्ठ्यावर चार फुल्या मारल्या.

माझी पोरगी माझ्याकडं बघायला लागली. तिच्या अनुभवात नियम छापलेले असतात, वाद झाला की पुस्तिका उघडतात, आणि पुस्तिकेनं भागलं नाही तर टेबलाशी बसलेलं मोठं माणूस निकाल देतं. इथं मोठं माणूसच नव्हतं. मी तूर निवडत होते आणि कुणी मला विचारणारही नव्हतं.

पुढच्या दिवशी अष्टाचंगा निघाला. दोन चिचोके मधोमध फोडून चार फाका केल्या, आतली पांढरी बाजू दगडावर घासून सपाट केली. या घासण्यातच अर्धी दुपार गेली आणि तीच धाकट्याला सगळ्यात आवडली. फरशीवर खडूनं पाच बाय पाचची घरं काढली, चार बाजूंच्या मधल्या घरांना आणि मधोमधच्या घराला फुली. जितक्या फाका पांढऱ्या पडतील तितकं दान. चारही पांढऱ्या पडल्या तर चंगा, म्हणजे चार. चारही काळ्या पडल्या तर अष्टा, म्हणजे आठ. दोन्हींवर पुन्हा पाळी. सोंगट्या म्हणून बांगडीचे तुकडे, तुरीचे दाणे, खडे आणि एक जर्मन नाणं. बाहेरून चक्कर मारायची, पण दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या चकरीत जाता येत नाही. म्हणजे इथं भलेपणानं वागून घरी पोचायची सोयच नाही. बागेतल्या कावळ्यापासून आम्ही फार लांब आलो होतो.

आणि भांडणं! फाक भिंतीला टेकून उभी राहिली तर ते दान की नाही? सोंगटीला बोट लागलं पण उचलली नाही, तर चाल झाली का? भाचा तावातावानं ओरडायचा, "काऊन मारली बे? म्या आधीच सांगतलं होतं!" खेळापेक्षा वादच जास्त चालला. माझी आई आतून एकदाच ओरडली, "भांडले तं पटच पुसून टाकीन मी!" बाकी तिनं लक्ष घातलं नाही. हळूहळू ठरत गेलं: भिंतीला टेकली तर दान पुन्हा, बोट लागलं तर चाल झाली. कुणी लिहून ठेवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पाठ होतं. आठवडा संपता संपता मोठी वऱ्हाडीत भांडायला लागली, आणि एक वाद चक्क जिंकली.

छापील नियमांचा मला राग नाही. ते आहेत म्हणून परक्या गावात, अर्धवट भाषेवर, माझी पोरं कुणाबरोबरही खेळायला बसू शकली. पण नियम आपसात ठरवून, त्यावरून भांडून, पुन्हा त्याच पटावर बसायचं हा वेगळा खेळ आहे, आणि मोठी माणसं जवळ बसली की तो होत नाही. माझं मत विचाराल तर शेजारच्या आजींचं टेबल आणि आमची सपरी, दोन्ही पाहिजेत, आणि दर वेळी एकत्र नकोत.

फाशाचं नाव काढलं की आईच्या कपाळाला आठी पडते. पोळ्याच्या दिवसांत गावाबाहेर पत्त्यांचे डाव बसतात, त्यात कुणाकुणाचं काय गेलं हे तिला तोंडपाठ आहे. शिवाय विदर्भाची जुनी राजधानी कौंडिण्यपूर आमच्यापासून लांब नाही. दमयंती विदर्भाची राजकन्या. तिचा नवरा नळ भावाशी, पुष्कराशी फासे खेळून राज्य घालवून बसला. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी तर बलरामाशी फासे खेळताना भांडला आणि जिवाला मुकला. "एक आपला जावाई, एक आपला पोरगा," आई म्हणते, "फाशानं आपल्या मुलखाचं भलं नाही केलं." पण नळाचं राज्य परत आलं ते ऋतुपर्णाकडून फाशांची विद्या शिकल्यावरच, हे धाकट्यानं गोष्टीच्या शेवटी बरोब्बर पकडलं. म्हणजे शिकायलाच पाहिजे ना, आजी?

बुद्धिबळाला मात्र घरात मान आहे. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियात बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून तर जास्तच. मोठी इथल्या शाळेच्या क्लबात शिकली आहे. ती आबाजींसमोर, म्हणजे आजोबांसमोर, ऐटीत बसली आणि पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं पुढं सरकवलं. आबाजींनी ते उचलून एक घर मागं ठेवलं. देशी डावात प्यादं एकच घर चालतं. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र चाल, नाही; त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तोवर एकदाच घोड्याची उडी मारता येते. मोठी म्हणाली, हे चुकीचं आहे. आबाजी म्हणाले, "माह्या बापानं शिकवलं." आता यावर कोणती पुस्तिका उघडणार?

सपरीत राहून ती शिकली होतीच. तिनं ठराव मांडला: एक डाव तिकडचा, एक इकडचा. तो आता व्हिडिओ कॉलवर चालतो. शनिवारी आमची सकाळ, त्यांची दुपार. दोन्हीकडं पट मांडलेला, आणि चाल तोंडी सांगायची. आबाजी फोन इतका जवळ धरतात की आम्हाला पटाऐवजी त्यांचा कानच दिसतो. देशी डावात ते पुढं आहेत, विलायती डावात ती. कापूस वेचणी लागली की आबाजींना शनिवार मोकळा मिळायचा नाही, म्हणून मोठीनं त्यांना दोन रविवार आगाऊ मागून ठेवले आहेत.