फिकट रंगाची भानगड

आपल्याकडे रेड वाइनची परीक्षा रंगावरच होते. ग्लासात काळपट जांभळी दिसली की ‘वा, कडक दिसतेय’. फिकट लाल दिसली की ‘पाणी घातलंय काय?’ माझ्या मेहुण्याने तर बर्गंडीच्या, म्हणजे फ्रान्समधल्या त्या नावाच्या भागातल्या फिकट रेड वाइनच्या, ग्लासकडे बघून ‘ही मुलांसाठी आहे का?’ असं सरळ विचारलं होतं. त्याच्या हातात तेव्हा बोर्दो, म्हणजे फ्रान्समधल्याच दुसऱ्या भागातली गडद रेड वाइन होती, त्यामुळे चेहऱ्यावर जरा मोठेपणाही होता. दोन्ही बाटल्यांवरचा अल्कोहोलचा आकडा मात्र जवळपास सारखाच होता, तेराच्या पुढेमागे.

घरी दोन्ही असतील तर एक उद्योग करून बघा. वर्तमानपत्र पसरा आणि ग्लास त्यावर जरासा कलता धरा. बर्गंडीतून बातमी वाचता येते, निदान मथळा तरी. बोर्दो कोवळी असेल तर खाली कागद आहे की सतरंजी हेही कळत नाही. कारण साधं आहे. या दोन्ही वाइन ज्या द्राक्षांपासून होतात, त्यांचा रस मुळात बिनरंगीच असतो. लाल रंग येतो सालीतून, रस आणि साली एकत्र आंबवल्या की. बर्गंडीचं द्राक्ष पिनो न्वार. त्याची साल पातळ, आणि सालीत रंगही बेताचाच. बोर्दोतलं मुख्य नाव काबर्ने सोव्हिन्यों. मणी बारीक, साल जाड. म्हणजे रस थोडा आणि साल फार. हे काळंकुट्ट द्राक्ष निम्मं गोऱ्या कुळातलं आहे, ही माझी आवडती माहिती. त्याचे आईबाप म्हणजे काबर्ने फ्रां आणि पांढरं सोव्हिन्यों ब्लां. १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी डीएनए तपासून हे जाहीर केलं.

रंगासोबत सालीतून आणखी एक गोष्ट येते, टॅनिन. म्हणजे तुरटपणा. बोर्दोचा घोट घ्या, तोंडात फिरवा, गिळा आणि मग जीभ वरच्या हिरडीवरून फिरवा. मघाशी गुळगुळीत होती ती जागा आता खरखरीत लागते, ओठ दाताला चिकटतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, तोंडातलं वंगणच काढून घेतं. बर्गंडीचं नेमकं उलट. तिचा घोट गेल्यावर दोन क्षणांनी जबड्याच्या मागच्या कोपऱ्यांतून पाणी सुटतं. ती करामत आंबटपणाची. तुरटपणा तिच्यातही असतो, पण मऊ, मागे मागे राहणारा. बोर्दो उभी आहे टॅनिनवर, बर्गंडी आंबटपणावर. एक तोंड कोरडं करते, दुसरी तोंडाला पाणी आणते. आता यातली कडक कुठली आणि लेची कुठली, हे रंगावरून कसं ठरवणार? इटलीतली बारोलो तर या हिशेबालाच सुरुंग लावते: रंग फिकट विटकरी आणि तुरटपणा असा की नवख्याने तोंडच वाकडं करावं.

चवीचं म्हणाल तर बोर्दोत काळ्या फळांची बाजू भारी, त्यामागे देवदाराचं लाकूड, तंबाखूचं पान आणि पेन्सिलीला टोक काढताना येतो तो वास. बर्गंडी चेरी आणि रास्पबेरीकडची. दहा-बारा वर्षं मुरली की तिला ओल्या पाचोळ्याचा, अळंब्यांचा वास येऊ लागतो. तो कुणाला दिव्य वाटतो, कुणाला कुबट. मी पहिल्या पंथातला.

दोघींचे स्वभाव असे का, याचं उत्तर शिवारात मिळतं. बोर्दो अटलांटिकच्या कुशीत, पावसाचा आणि गारठ्याचा नेम नाही. म्हणून तिथला शेतकरी सगळा डाव एका जातीवर लावत नाही. तिथल्या नद्यांच्या डाव्या काठावरच्या मेदोकमध्ये गोटाळ, खडीची जमीन. ती पाणी धरत नाही आणि दिवसाची ऊब राखते, म्हणून उशिरा पिकणारं काबर्ने तिथे तयार होतं. उजव्या काठावर पोमरोल, सेंत-एमिलियोंकडे चिकणमाती जास्त, तिथे लवकर पिकणाऱ्या मेर्लोचं राज्य. मग दोन-तीन जातींच्या वाइन हव्या त्या प्रमाणात एकत्र करायच्या. मेर्लो काबर्नेच्या कडांना गोलाई देते. बर्गंडीत हा आधार नाही. पिनो न्वार एकटं. वर्ष वाईट गेलं तर ते झाकायला दुसरं कुणी नाही.

आणि जमिनीचं तर विचारूच नका. बोर्दोत प्रतिष्ठा वाड्याला, म्हणजे शातोला. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभाव बघून मुख्यतः मेदोकच्या शातोंचे पाच वर्ग पाडले, ती यादी आजही जवळपास तशीच चालते. बर्गंडीत मान वावराला. क्लो द व्हूजो हा सीतो मठातल्या ख्रिस्ती साधूंनी जोपासलेला, दगडी भिंतीआडचा सव्वाशे एकरांचा मळा. फ्रेंच राज्यक्रांतीत तो जप्त होऊन विकला गेला; पुढे विक्री होत गेली, आणि नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्याने सगळ्या मुलांना सारखा वाटा मिळू लागल्याने वाटण्याही. आज त्या एका भिंतीआड ऐंशीच्या आसपास मालक आहेत. आपल्याकडे एका गटाच्या सातबाऱ्यावर चुलत-चुलत भावांची नावं पानभर उतरतात आणि बांधावरून कोर्टकज्जे होतात, ते पाहिलेल्या माणसाला बर्गंडी समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. परिणाम असा की लेबलावर तेच मळ्याचं नाव, तेच वर्ष, आणि एकाची वाइन अप्रतिम तर शेजारच्याची पाणचट. बर्गंडी घेताना मळ्याच्या नावापेक्षा आधी बनवणाऱ्याचं नाव बघावं, ते याचसाठी.

आपल्या नाशिकच्या मळ्यांत काबर्ने आणि शिराझ बऱ्यापैकी रुळली. पिनो न्वारला थंड हवा लागते. आपल्या उन्हात त्याची नजाकत टिकणं अवघड. तेव्हा आपली जीभ गडद, उन्हाळी रेडवर तयार झाली, यात नवल नाही.

जेवणाबरोबर तुरटपणाचा खरा उपयोग कळतो. मटणातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला कामाला लावतात, मग ते तोंडाच्या मागे लागत नाही. मात्र तांबड्या रश्श्याच्या नादी लागू नये. तिखटावर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही आग लावतात. माझं मत विचाराल तर बोर्दोची खरी जोडी आळणी मटणाशी. हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलेलं, मसाला पडायच्या आधी पातेल्यातून बाजूला काढलेलं. बर्गंडीला श्रावणातल्या अळंब्या, तुपावर परतलेल्या, वर फक्त मिरपूड. बांगड्याबरोबरही ती चालून जाते; बोर्दो घेतली तर माशाला लोखंडाची चव येते.

आणि ‘रूम टेंपरेचर’ हा शब्द पुण्यात एप्रिल महिन्यात विसरायचा. ती रूम युरोपातली, जुन्या दगडी घरातली. आपल्याकडे बोर्दो वीस मिनिटं आणि बर्गंडी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढावी, नाहीतर नाकात नुसता अल्कोहोल जातो.

राहता राहिला खिसा. स्वस्तातली बोर्दो बहुतेक वेळा निदान नीट जुळवलेली असते, आणि उरलीच तर बूच लावून दुसऱ्या दिवशीही पिण्यासारखी राहते. टॅनिन तिला सांभाळतं. स्वस्तातली बर्गंडी पुष्कळदा नुसतीच आंबट निघते. म्हणून स्वतःच्या पैशांनी घ्यायची झाली तर मी बोर्दो घेतो. मेहुणा परदेशातून काय आणू विचारतो, तेव्हा बर्गंडी सांगतो, बनवणाऱ्याच्या नावासकट. तोही आणतो बिचारा, आणि अजूनही स्वतःचा ग्लास दुसऱ्या बाटलीतूनच भरतो.