पंधरातली चार बिटं

खंडेनवमीला हत्यारं पुसायला काढली. वडिलांच्या दोन पटाश्या, रंधा, करवत आणि मग माझा ट्रिमर (लाकडात खाचा मारणारा, कडा कापणारा हातात मावेल एवढा छोटा राउटर) नि त्याच्या बिटांची, म्हणजे त्यात बसवायच्या कापणाऱ्या टोकांची, लाकडी पेटी. एकेका बिटाला कुंकू लावताना लक्षात आलं, पंधरातल्या अकरा बिटांचा नारिंगी रंग अजून दुकानातल्यासारखा तुकतुकीत आहे. तीन वर्षांत त्यांनी लाकूडच पाहिलेलं नाही. राहिली चार. त्यातली दोन मूळची नाहीतच, नंतर सुटी आणून त्या भोकांत बसवलेली.

मी दिवसभर अकाउंट्समध्ये असते, त्यामुळे पूजा होईस्तोवर हिशेब झालेलाच होता. सेट 900 रुपयांचा. पंधरा नग, म्हणजे नगाला 60 रुपये. घेताना केवढं स्वस्त वाटलं होतं! पण तीन वर्षं खरोखर टिकून कामाला आली ती दोनच. म्हणजे बिट पडलं 450 रुपयांना. तेवढ्यात बऱ्यापैकी कंपनीचं सुटं बिट येतं, आणि ते पहिल्या दिवसापासून नीट कापतं.

गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी विचारलं, ‘राउटर घेतोय, बिटांचा कुठला सेट घेऊ?’ त्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते. सेट नका घेऊ.

आपल्याकडे घरी लाकूडकाम करणारा माणूस सुरुवातीला काय करतो? पाट, पोळपाट, चौरंग, भिंतीवरचं शेल्फ, फार तर देव्हारा. एवढ्याला लागतात ती बिटं अशी: खाच मारायला 6 मिमीचं सरळ बिट, कडा मोडायला 6 मिमी गोलाईचं, कड तिरकी कापायला 45 अंशांचं चेंफर, आणि बेअरिंग (कडेवरून फिरणारं छोटं चाक) असलेलं, बाहेर आलेली कड सपाट करणारं फ्लश ट्रिम. चेंफर थोडं थांबलं तरी चालेल. फ्लश ट्रिममध्ये मात्र कंजुषी करू नका. सनमायका चिकटवल्यावर बाहेर राहिलेली दोन-तीन मिमीची कड ह्याच बिटाने निघते, पण माझं खरं प्रेम जडलं ते महिरपीमुळे. देव्हाऱ्याची महिरप एमडीएफवर (भुसा दाबून केलेल्या फळीवर) एकदाच निवांत कापायची, पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करायची, सागवानाच्या पट्टीवर दुतोंडी टेपने चिकटवायची आणि बेअरिंग त्या एमडीएफच्या कडेवरून फिरवायचं. हव्या तेवढ्या महिरपी, सगळ्या एकसारख्या. पट्टी आधी करवतीने रेघेच्या दीड-दोन मिमी बाहेरून कापून घ्यायची तेवढी. सगळं लाकूड बिटानेच खायला लावलं की ते जळतं, नाहीतर चिरफाळ्या उडवतं.

सेटमधल्या फ्लश ट्रिमचं बेअरिंग सहा महिन्यांत जाम झालं. जाम बेअरिंग कडेवरून गडगडत जात नाही, बिटाच्या वेगाने जागच्या जागी घासतं. बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या शेल्फच्या पांढऱ्या सनमायक्यावर त्याने चांगली हातभर तपकिरी रेघ ओढून ठेवली आहे. ती रेघ आता मसाल्याच्या डब्यांमागे असते. बहीण काही बोलत नाही, पाहुणे आले की डबे सरळ करते.

दुसरी फजिती देव्हाऱ्याची. सेटमधल्या सरळ बिटाचा टवका उडाला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटं आणलं. पाकिटावर दांडी 6 मिमी लिहिलेलं. माझ्या ट्रिमरचं कोलेट, म्हणजे बिटाची दांडी धरणारी पकड, पाव इंची, म्हणजे 6.35 मिमी. दुकानदार म्हणाला, ‘ताई, एकच असतं ते.’ पट्टीवर दोन्ही सारखीच दिसतात हो. नटही घट्ट बसला. देव्हाऱ्याच्या बाजूच्या फळीत मागचं प्लाय सरकवायला 6 मिमी खोल खाच मारायची होती. निम्म्यात आवाज जरा घोगरा झाला, मला वाटलं गाठ आली असेल. पलीकडच्या टोकाला पोचून पाहते तर खाच 11 मिमी. बिट पुरतं धरलंच गेलं नव्हतं, कापता कापता कणाकणाने खाली सरकत होतं. 18 मिमीची फळी होती म्हणून आरपार गेलं नाही. बिट सुटून उडालं असतं तर काय, ह्याचा विचार रात्री झोपताना आला.

तेव्हापासून दुकानात व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) घेऊन जाते. पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीत, लोक बघतात, बघू देत. 6 च्या कोलेटला 6 ची दांडी, 6.35 ला 6.35 ची. बसवतानाही दांडी पार तळाला टेकवायची नाही. आत घालून दोन-तीन मिमी वर ओढायची आणि मग नट आवळायचा. तळाला टेकलेलं बिट आवळताना कोलेटला खाली बसायला जागाच उरत नाही.

बिट हातात आलं की आधी ते टीसीटी आहे ना बघा, म्हणजे कापणाऱ्या पात्या कार्बाइडच्या. नुसतं एचएसएस (हायस्पीड स्टील) नवं असताना लोण्यासारखं कापतं, पण प्लायमधला गोंद त्याची धार बघता बघता खातो, आणि सागवानात तर मुळातच सिलिका असते. मग उजेडात फिरवून पात्या बघा. कार्बाइडची पट्टी नखाच्या पापुद्र्याएवढी पातळ असेल तर ठेवून द्या. जाड असेल तर पुढेमागे डायमंडच्या पट्टीवर तिची सपाट बाजू घासून धार आणता येते. बाहेरची बाजू कधीच घासायची नाही, बिटाचं मापच बदलतं. पट्टी जिथे झाळलेली असते तिथे फट किंवा बुडबुडा दिसला तर दुकानदार कितीही ‘घ्या ताई’ म्हणो, घेऊ नका. बेअरिंगला नखाने टिचकी मारा. खरखर न करता फिरलं पाहिजे.

सेटमधल्या त्या अकरांत काही भलीमोठी बिटंही होती. त्यातलं 12.7 मिमी गोलाईचं बेअरिंग धरून 38 मिमी व्यासाचं. माझा ट्रिमर मिनिटाला 30,000 फेरे घेतो आणि वेग कमी करायला त्याला चकती नाही. सहज गणित मांडलं, तर त्या बिटाची कड ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगाने फिरणार. 60 रुपयांच्या झाळकामाच्या भरवशावर! ते बिट मी पेटीतच राहू दिलं. एवढं मोठं काम लागलं तर वेग कमी होणारा मोठा राउटर कुणाकडून तरी मागून आणेन.

कंगोऱ्याची नक्षीदार बिटं चित्रात फार गोड दिसतात. ती लागतील तेव्हा, एकेक करून, आणि एकाच कामापुरती हवी असतील तर खुशाल स्वस्तातली घ्या. त्यांना माझी हरकत नाही.

आमच्या गल्लीत एक सुतारकाका आहेत, फर्निचरची कामं घेतात. बोहरी आळीतून साडेसहाशेचं फ्लश ट्रिम आणलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, ‘एवढ्यात माझी आठ येतात, ताई.’ मी म्हटलं, ‘येतात खरी.’ पुढे मी भाऊबीजेसाठी चार पाट करत होते तेव्हा ते बघत उभे राहिले. काही बोलले नाहीत. गेल्या महिन्यात त्यांच्या हाताखालचा पोरगा दारात आला, ‘काकांनी ते बेअरिंगवालं बिट मागितलंय, दोन दिवसांसाठी.’

खंडेनवमीला पेटीतलं ते भोक रिकामंच होतं. कुंकू त्याच्या कडेला लावलं.