करिजिनी: आधी उतरायचं, मग चढायचं

जुलैतली पहाट, म्हणजे ऑस्ट्रेलियातला हिवाळा. कॅरॅव्हॅनचं दार उघडलं तर श्वासाची वाफ दिसत होती. दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागेल हे माहीत असूनही आईने शाल घट्ट लपेटली. बूट, खाण्याचे डबे, कचऱ्याची पिशवी, सगळं रात्रीच आत घेतलं होतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या करिजिनी राष्ट्रीय उद्यानाच्या या डेल्स कॅम्पग्राउंडवर डिंगो, म्हणजे इथले रानकुत्रे, फिरतात, बाहेर राहिलेलं काहीही उचलून नेतात. चहाला पाणी डब्यातलंच. इथे पिण्याच्या पाण्याचा नळ नाही, अंघोळीची सोय नाही, त्यामुळे वाटेत न्यूमनला टाक्या काठोकाठ भरून घेतल्या होत्या.

पर्थहून इथवर साधारण १,४०० किलोमीटर. आई-बाबा साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आले होते आणि या देशाचं पोट दाखवायचं तर करिजिनीच, असं मी त्यांचं तिकीट काढतानाच ठरवलं होतं. तीन दिवस आम्ही सरळ रेषेत गाडी हाकत होतो. समोरून पन्नास मीटर लांबीची रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक, आली की तिच्या वाऱ्याने मागची कॅरॅव्हॅन डुलायची आणि नवरा स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचा.

इथे आल्यावर पहिल्यांदा वाटतं, कुठे आहेत दऱ्या? चहूकडे सपाटी. स्पिनिफेक्स गवताचे टोकदार गोल झुबके, मधूनच पांढऱ्याशुभ्र खोडाची गमची, म्हणजे निलगिरीच्या कुळातली झाडं, लाल माती. आपल्याकडे सह्याद्री लांबूनच दिसतो, गड खुणावतो, आपण चढतो. इथे चालत असताना पायाखालची जमीन अचानक संपते आणि खाली शंभर मीटरपर्यंत खोल घळई उघडते. आधी उतरायचं, दमल्यावर चढायचं. सह्याद्रीत वाढलेल्या पायांना हा हिशेब नवा आहे, आणि म्हणून परतीसाठी दम राखून ठेवायचा हे आम्ही सगळ्यांना बजावलं.

सकाळी डेल्स घळई. धातूच्या पायऱ्या उतरून फॉर्टेस्क्यू धबधब्यापाशी गेलो. कोरड्या ऋतूतही हा वाहतो, कारण पाणी झऱ्याचं आहे. पण मला पाण्यापेक्षा भिंतीच आठवतात. आडव्या, सरळ, हातभर जाडीचे थर, आणि त्यातून काटकोनात तुटलेले चिरे. चुना न लावता रचलेला चिरेबंदी वाडाच जणू. गंजाचा लाल, काळपट जांभळा, मध्येच करडा.

बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण हे शब्द आमच्या घरात भाजीच्या नावांसारखे वापरले जायचे. त्यांनी खाली पडलेला तळहाताएवढा तुकडा उचलला, वजनाचा अंदाज घेतला, मग दुसऱ्या हातात घेतला. ‘‘अगं, हा दगड कसला, हे लोखंड आहे,’’ म्हणाले. खरंच ते लोखंड आहे. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता आणि त्याच्या पाण्यात लोह विरघळलेलं होतं. सूक्ष्म जीवांनी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केल्यावर ते लोह गंजून तळाशी बसू लागलं. लोहाचा थर, त्यावर गारगोटीचा, पुन्हा लोहाचा. आपला दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. बाबांनी तो आकडा मनात मांडून पाहिला असावा, कारण बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग तो तुकडा जिथून उचलला होता त्याच खाचेत परत ठेवला.

धबधब्याच्या वर दहा मिनिटांवर फर्न पूल. इथले मूळ रहिवासी बंजिमा लोक या डोहाला जुबुरा म्हणतात. करिजिनी हे नावही त्यांचंच, इथल्या हॅमर्सली डोंगररांगेला दिलेलं. या जागेशी त्यांचं नातं पूजेचं आहे, म्हणून इथे आरडाओरडा करू नये, उड्या मारू नयेत, हळूच पाण्यात उतरावं अशी विनंती आहे. आईला ते सांगावं लागलं नाही. लाकडी फलाटावर तिने चपला काढल्या, पाण्याला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि मगच पाय सोडून बसली. बारीक मासे येऊन टाचा टोचू लागले. वर अंजिराच्या झाडांत वटवाघळं लटकलेली, भिंतीवर नेचे, आणि पाणी इतकं हिरवं की वरची लाल माती खरी वाटेना. तिथून उठवत नव्हतं.

दुपारी आई-बाबा ऑक्सर लुकआउटला, वरून दऱ्या बघायच्या जागी, थांबले. तिथे वीयानो, रेड, हॅनकॉक आणि जोफ्र या चार घळया एकमेकींना भेटतात. त्याच भागात २००४ मध्ये घळईत अडकलेल्यांना सोडवायला उतरलेले स्वयंसेवक जिम रीगन अचानक आलेल्या लोंढ्यात गेले. पाऊस दूर कुठे तरी पडतो आणि पाणी इथे चढतं. आम्ही आदल्या दिवशी आणि त्या सकाळी, दोनदा हवामान पाहिलं होतं. आकाशात ढगाचं बोटही नव्हतं, म्हणूनच मी, नवरा आणि मुलगा, आम्ही तिघं हॅनकॉकमध्ये उतरलो.

लोखंडी शिडी, मग गार सावली. अर्ध्या वाटेवर पाणी भिंतीपासून भिंतीपर्यंत भरलेलं. एकतर कडेच्या चिंचोळ्या कपारीवरून सरकायचं, नाहीतर पोहायचं. आम्ही पाण्यातून गेलो आणि पहिल्या क्षणी छातीतला श्वासच थांबला, इतकं ते थंड होतं. इथे ऊन जेमतेम घटकाभर येत असेल. याच ठिकाणी माझ्या जुन्या बुटाचा तळ पुढून सुटला. आठ वर्षं वापरलेला बूट, नुसता कपाटात चांगला दिसत होता. नवऱ्याने नाडी काढून तळाभोवती दोनदा आवळून बांधली. तुम्ही येणार असाल तर निघण्याआधी बूट पाण्यात भिजवून, दिवसभर चालून पाहा. ओल्या गुळगुळीत कातळावर बुटाचा तळ हा एवढाच आधार असतो.

पुढे घळई इतकी अरुंद होते की दोन्ही भिंतींना एकाच वेळी हात-पाय टेकवून चालावं लागतं. याला स्पायडर वॉक म्हणतात. डावा हात, डावा पाय एका भिंतीवर, उजवे दुसऱ्या. खालून पाणी वाहतंय. मुलगा अकरा वर्षांचा, पण माझ्याआधी तो पार झाला आणि वळून ‘‘आई, तिथे नको, त्याच्या वरच्या खाचेत पाय ठेव,’’ असं मला शांतपणे सांगत राहिला. मला आमची सांधण दरी आठवली. पण तिथे दगड खरखरीत असतो, इथे पाण्याने घासून तो लोण्यासारखा केलेला. शेवटी कर्मिट्स पूल हा डोह. गोल, गर्द हिरवा, भिंतीवर पाण्याचा उजेड थरथरणारा. निघोजचे रांजणखळगे कुणी उंच भिंतींत बंद करावेत, तसा. त्याच्या पुढे साखळी आहे, साधनं आणि वाटाड्या असल्याशिवाय जायचं नाही. आम्ही तिथेच दगडावर बसून चिक्की खाल्ली आणि फिरलो. सगळं मिळून अडीच तास लागले, बहुतेक वेळ पाय कुठे ठेवायचा हे ठरवण्यात गेला.

करिजिनीच्या भिंतींत कुठे कुठे निळसर तंतूंची शीरही दिसते. ते निळं ॲस्बेस्टॉस. ते खरवडू नका, मुलांना हात लावू देऊ नका. उद्यानाच्या उत्तरेला विटनूम नावाचं गाव याच खनिजासाठी वसलं, खाण १९६६ मध्ये बंद झाली आणि तिथे राहिलेली, राबलेली दोन हजारांहून अधिक माणसं त्या धुळीच्या आजारांनी गेली. २००७ मध्ये त्याचा गाव म्हणून दर्जाही काढून घेतला गेला. एवढ्या देखण्या दगडात हे आहे, हे मला अजून पचत नाही.

संध्याकाळी आईने पातेलंभर पाणी तापवून टोपात ओतलं. पाच जणांनी त्यातच आळीपाळीने पाय धुतले, शेवटी पाणी गेरूसारखं झालं. खिचडी शिजेपर्यंत बाबांनी नातवाला विचारलं, ‘‘ते कोळ्यासारखं कसं गेलात, दाखव बरं.’’ तो कॅरॅव्हॅन आणि गाडी यांच्यातल्या बोळात शिरला, दोन्हीकडे हात-पाय टेकवून जमिनीपासून हातभर वर चढला, आणि बाबांनी खुर्ची ओढून टॉर्च त्याच्या पायांवर धरला.